युरोप प्रवासासाठी ३०,००० युरोंचा विमा पुरेसा आहे का?

प्रश्न: मे महिन्यात आईबाबांसह स्वित्झर्लंड आणि इटलीला जाणार आहोत. बाबा ६८ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे. शेंगेन व्हिसासाठी (अनेक युरोपीय देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसासाठी) लागणारा किमान ३०,००० युरोंचा विमा पुरेल का?

उत्तर: ती केवळ व्हिसाची अट आहे. तातडीचे उपचार, इस्पितळाचा खर्च आणि रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च हे सारे त्यातच बसवावे लागत असल्याने मी तरी याहून बरीच मोठी रक्कम निवडेन.

उत्तर: रकमेआधी पूर्वीच्या आजारांचे कलम वाचा. अनेक पॉलिसींत अशा आजारांसाठी जिवावर बेतलेल्या प्रसंगीच, तेही मर्यादित भरपाई मिळते. हप्ता वाढला तरी मधुमेह लपवू नका. दावा फेटाळला जाऊ शकतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. प्रस्ताव-अर्जात मधुमेहाची नोंद करतो.