मागच्या कोपऱ्यात पेव्हर ब्लॉक?

ए-४०२: मागच्या कोपऱ्यात पेव्हर ब्लॉक टाकायचं ठरलं म्हणे. कधी? मिनिट्समध्ये तर काही नाही.

सेक्रेटरी: ठरलेलं नाही, फक्त कोटेशन मागवलंय. कृपया शब्द जपून वापरावेत 🙏

बी-१०१: ब्लॉक टाकले तर तिथे दोन गाड्या लागतील.

ए-४०२: आणि दोन विंगच्या खिडक्यांसमोरची झाडं जातील. रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास बघा. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. कडक वेदनाशामकंही कमी लागली. नुसतं दिसलं तरी फरक पडतो.

सी-२०३: शिवाय हवा शुद्ध होते! नासाने सिद्ध केलंय 🌿🌿

ए-४०२: ताई, तो प्रयोग बंद पेटीतला होता, १९८९ चा. घरात एरवी जेवढी हवा खेळते तेवढं काम कुंड्यांकडून करून घ्यायचं तर चौरस मीटरला किमान १० लागतील, कदाचित १००० सुद्धा. झाडांचा फायदा डोक्याला, फुप्फुसाला नव्हे.

डी-५०१: १००० कुंड्या आत, आम्ही जिन्यात 😂

बी-१०१: दोन गाड्या. उत्तर कुणीच देत नाही.

सी-३०४ काका: त्या लॉनच्या हट्टापायीच कोपऱ्याची ही दशा झाली, तेव्हाही सांगितलं होतं. लॉनला ५-६ तास ऊन हवं, तिथे दोनही नाही. माती तुडवून दगड झालीय. १५-२० सेंमी खणा, ५ सेंमी कंपोस्ट मिसळा, फर्न आणि सिंगोनियम लावा. वर ५ सेंमी पालापाचोळा, पण खोडाला चिकटवू नका, कुजतं. बाकाची पाठ पार्किंगकडे. गाड्यांकडे तोंड करून कसला ताण जाणार?

ए-३०२: वरच्या बाल्कनीतल्या कुंड्यांचं पाणी आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतं. त्या ताणावर अभ्यास आहे का?

ए-४०२: हा विषय इथे कशाला?

काका: कुंडीखालची बशी वाहतेय म्हणजे पाणी जास्त होतंय. दोन पेरं बोट खुपसा, माती कोरडी लागली तरच घाला. मुळं कुजली की पानं मान टाकतात, लोकांना वाटतं तहानलंय, आणखी ओततात. आणि बशी आठवड्यातून एकदा घासा. डासांची अंडी कडेला चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

बी-१०१: दोन गाड्या 🚗🚗

सेक्रेटरी: रविवारी दहाला खाली या. काका, टेप आणा.

काका: आणतो. त्या कोपऱ्यातल्या नळाचा वॉशर गेलाय, ते कोण बघणार?