कापराची पोटली फॉरवर्ड करणारे सगळे अडाणीच?

पाटीपेन्सिल
परवा एका महाशयांनी लिहिलं, "करोनात अफवा पसरवल्या अडाण्यांनी, शिकलेला माणूस असलं फॉरवर्ड करत नाही." डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा. एप्रिल 2021 आठवा. भीमसेनी कापूर, ओवा, लवंग, वर निलगिरीचे थेंब. रुमालात बांधून हुंगा, ऑक्सिजन वाढतो! सोसायटीच्या ग्रुपांवर हे कोण टाकत होतं? कापराने नाकात थंडावा जाणवतो, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन होता तिथेच. पण वाटतं, म्हणून पटतं. त्याला डिग्री आडवी येत नाही.

लसूणचटणी
नुसतं वाटत नव्हतं हो, ऑक्सिमीटरवर 92 चा 95 व्हायचा. यंत्रही अडाणी का?

पाटीपेन्सिल
यंत्र नाही, मोजण्याची पद्धत. बोट गार, नखाला नेलपॉलिश, हात हलतोय, की आकडा कमी दाखवतो. त्यात लोक पहिल्या सेकंदाचाच आकडा धरतात. मग पोटली हुंगायला माणूस ताठ बसतो, चार खोल श्वास घेतो, तोवर बोटही ऊबदार होतं. श्रेय कापराला! पाच मिनिटं शांत बसा, तळवे चोळा, आकडा स्थिरावू द्या. मग पोटलीशिवाय मोजून बघा.

कोकणकडा
पोटलीवर तुटून पडलात, पण 29 जानेवारी 2020 ला आयुष मंत्रालयानेच आर्सेनिकम अल्बम 30 हे होमिओपथीचं औषध सुचवलं, त्याचं काय? शंभरात एक भाग, असं तीस वेळा पातळ करायचं. बाराव्या पायरीपुढे मूळ द्रव्याचा रेणू सापडणं मुश्कील. तिथे सरकारी शिक्का, मग कापरानेच काय घोडं मारलं?

लसूणचटणी
होमिओपथीचं दळण इथे नको! कापूर निरुपद्रवी तरी आहे.

पाटीपेन्सिल
निरुपद्रवी? लहान मुलाच्या पोटात गेला तर झटके येतात. आणि आकडा 94 खाली गेल्यावर हुंगत बसलात तर बेड शोधायची वेळ जाते. बेड मिळेपर्यंत पालथं झोपवायचं होतं: एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली, जेवणानंतर तासभर नाही. आरोग्य मंत्रालयाने त्याच एप्रिलमध्ये सांगितलं होतं. पण त्याला पाच उशा, पोटलीला एक रुमाल. कुठलं फॉरवर्ड पळणार?

निमूट
अहो, विषय फॉरवर्डचा होता ना? 7 एप्रिल 2020 पासून व्हॉट्सॅपवर दुहेरी बाणाचा, म्हणजे खूपदा फॉरवर्ड झालेला, मेसेज एका वेळी एकाच चॅटला जायचा. मंडळींनी कॉपी-पेस्ट केलं, बाण गायब, मजकूर थेट काकांच्या नावावर. काकांचा विश्वास असेलच असंही नाही. "खरं निघालं तर उपयोग, खोटं निघालं तर काय बिघडलं," एवढाच हिशेब.

लसूणचटणी
बरं, जिंकला तुमचा ऑक्सिमीटर. उशा मोजून ठेवते. कापूर आरतीला तरी राहू द्याल ना?