संस्थेसाठी सॉफ्टवेअर करून द्यायचं तर दर किती लावावा?

रानवाट:
मोखाडा तालुक्यात कुपोषित मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला नोंदींचं ॲप हवंय. मी नाशिकला घरून एकट्यानंच कामं घेतो. गेल्या आठवड्यात त्यांच्यासोबत एका पाड्यावर जाऊन आलो. कार्यकर्ती ताई बाळाच्या दंडाला पट्टी गुंडाळते, ११.५ सेंमीच्या खाली आलं की लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. तो आकडा आधी तिच्या वहीत, मग रजिस्टरात, मग महिनाअखेरीला ऑफिसात एक्सेलमध्ये. एका बाळाचा ११.२ असाच उतरवताना १२.१ झाला आणि त्या घरी परत जायला तीन आठवडे उशीर झाला. हे ऐकल्यावर काम घ्यायचंच हे माझं ठरलं.

आता पैशांचं. तिथे रेंज नाही, म्हणून नोंद ऑफलाइन आणि रेंज मिळाली की सिंक, म्हणजे फोनमधल्या नोंदी आपोआप ऑफिसात पोचणं. सगळं धरून ४२० तास होतात. कंपन्यांना मी तासाला १२०० लावतो, म्हणजे ५ लाख ४ हजार. संस्थेकडे दीड लाख आहेत.

माझं मत असं की कोटेशनमध्ये पूर्ण रक्कम लिहावी, सवलत तिच्याखाली वेगळ्या ओळीत दाखवावी आणि वार्षिक देखभालीवर मात्र सवलत देऊ नये. पाच वर्षांपूर्वी एका वसतिगृहाला मी सगळं फुकट करून दिलं होतं. करार नाही, काही नाही. पुढे माझी पैशांची कामं वाढली, मी त्यांचे फोन टाळायला लागलो. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आली आणि ॲप उघडेना. रेक्टरबाई मुकाट्यानं परत वहीकडे वळल्या. पैसे घेतले असते तर त्यांना मला जाब तरी विचारता आला असता. ते मला अजून लागून राहिलंय.

ताळेबंद:
सवलत नकोच. पूर्ण ५ लाखांचं बिल लावा आणि जितकं सोडायचं तितकी देणगी चेकनं संस्थेला द्या. व्यवहार व्यवहाराच्या जागी, दान दानाच्या जागी. संस्थेच्या हिशेबातही खरा खर्च दिसेल, तुम्हाला ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर वजावटीची, पावती मिळेल. सवलतीवर तुम्हाला करात काहीच मिळत नाही, केलेल्या श्रमांची वजावट ८०जीत बसत नाही.

रानवाट:
ताळेबंद, हे मीही मांडून बघितलं. मी जीएसटीत नोंदणीकृत आहे. पूर्ण बिलावर १८ टक्के म्हणजे ९० हजार ७२० रुपये. कंपन्यांसारखं संस्थेला त्याचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे भरलेला कर कशातून वळता करता येत नाही, तो निव्वळ भुर्दंड. बिलातच सवलत दाखवली तर कर सवलत वजा करून उरलेल्या रकमेवर लागतो. शिवाय आधी पाच लाख त्यांनी आणायचे कुठून? आणि मी आयकराच्या नव्या करप्रणालीत आहे, तिथे ८०जीची वजावटच नाही.

ताळेबंद:
नव्या प्रणालीचं मान्य. पण सवलतीची सवय वाईट, यावर मी ठाम आहे. पुढच्या माणसाकडेही ते दीड लाखच घेऊन जातील, आणि त्याला घर चालवायचं असतं.

पाड्यावरची:
मी अशाच एका संस्थेत हिशेब आणि अहवाल दोन्ही बघते. रानवाटदादा, सवलत वेगळ्या ओळीत दाखवा, त्याला माझी हरकत नाही. ट्रस्टींना कामाची खरी किंमत कळते. माझं भांडण देखभालीशी आहे. प्रकल्पाचा निधी दोन-तीन वर्षांचा असतो, तुमचं देखभालीचं बिल कायमचं. नवं ॲप म्हटलं की देणगीदार तयार होतात, फोटो काढतात. जुनं ॲप चालू ठेवायला पैसे मागा, कुणी फोन उचलत नाही. परदेशी देणगीतून करावं म्हटलं तर त्या देणग्यांच्या कायद्यात २०२० ला झालेल्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आलीय. त्यात आमचं भाडं, ऑडिट, अकाउंटंटचा पगार. वर्षाला ८०-९० हजार देखभाल म्हणजे आमच्या एका कार्यकर्तीचं कित्येक महिन्यांचं मानधन. सवलत द्यायचीच तर बांधणीवर कमी आणि देखभालीवर जास्त द्या.

रानवाट:
ताई, देखभालीवर सवलत दिली की तेच काम माझ्याकडून सगळ्यात आधी मागे पडतं. वसतिगृहाचं तेच झालं.

पाड्यावरची:
मग तीन वर्षांची देखभाल आत्ताच मूळ किमतीत धरा. एकच आकडा, एकदाच मंजूर. बाळांच्या नोंदी हे आमचं मुख्य कामच आहे, त्यामुळे तो कार्यक्रमखर्चात मांडता येईल का, हे आम्ही सीएंना विचारू शकतो. सुटी देखभाल कार्यालयीन खर्चात ढकलली जाते आणि पहिली कात्री तिलाच लागते. आणि सोर्स कोड, म्हणजे ॲपचा मूळ प्रोग्राम, आमच्या नावावर हवा. तुम्ही उद्या नाशिक सोडलंत तर?

जुना_प्रोग्रामर:
तुम्ही सगळे दरावर भांडताय. आधी हे ४२० तास लागतातच का ते बघा. कोबोटूलबॉक्स हे मोबाइलवर माहिती गोळा करायचं तयार साधन आहे, त्यावर फॉर्म मराठीत होतो, ऑफलाइन भरता येतो आणि अशा संस्थांसाठी मोफत योजना आहे. दोन पाड्यांवर महिनाभर चालवा. दंडाच्या घेराला वर-खाली मर्यादा घाला, फॉर्म वेडावाकडा आकडा घेणारच नाही. गरज नसलेलं काम निम्म्या दरात विकलं तरी ते महागच.

रानवाट:
मर्यादा घालून ११.२ चा १२.१ अडणार नाही, दोन्ही आकडे शक्य कोटीतले आहेत. मागच्या महिन्याचा घेर शेजारी दिसला तर ताईंच्या लक्षात येईल, माझा अर्धा वेळ तिथेच जाणार आहे. पण निदान नोंद तीनदा उतरवणं तरी कोबोनं थांबेल, हे खरं. मी तासांचा अंदाज रजिस्टरं बघून केला, ताईंच्या हातात काही देऊन नाही. महिनाभर ते करून बघतो. त्या मांडणीचे ४० तास धरतो, ४८ हजार, आणि त्यावर सवलत देत नाही. उरलेल्या तासांचा आकडा त्यानंतर. तीन वर्षांची देखभाल आत धरायची आणि कोड संस्थेच्या नावावर, दोन्ही करारात घालतो.

ताळेबंद:
४० तासांवर सवलत नाही हे वाचून बरं वाटलं. बाकीच्यावरही देऊ नका.

पाड्यावरची:
कोटेशनमध्ये नुसती रक्कम नको, तास कामनिहाय लिहा. नोंदीचा फॉर्म इतके, सिंक इतके, ताईंचं प्रशिक्षण इतके. आणि प्रशिक्षण ऑफिसात नको, पाड्यावरच धरा. जाण्यायेण्याचा दिवसही मोजा, तो कुणी मोजत नाही.