आमवात, स्टेरॉइड आणि हाडांची गोळी: छातीत जळजळतंय, बंद करू का?

मृण्मयी_प
आईचं वय ६१, आमवात आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्याला १५ मिग्रॅ, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) रोज ७.५ मिग्रॅ, तीन महिने होऊन गेले. आता आठवड्यातून एकदा अ‍ॅलेंड्रोनेट ७० दिलंय. दुखणं सांध्यांचं, मग हाडांची गोळी कशाला? सकाळी चहासोबत घेते नि परत आडवी होते. छातीत जळजळतं.

अस्थिमित्र
सुजेमुळे हाड कुरतडणाऱ्या पेशी चेकाळतात आणि स्टेरॉइड हाड घडवणाऱ्या पेशींना दाबतं; मार दोन्हीकडून. स्टेरॉइडमुळे होणारी झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सर्वांत वेगाने होते, म्हणून गोळी आत्ताच. सूज आटोक्यात ठेवणं हेही हाडांचंच औषध, तेव्हा मेथोट्रेक्सेट चुकवू नका. प्रेडनिसोलोन मात्र मनाने अचानक तोडू नका, रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टर हळूहळू कमी करतील.

औषधवाली_ताई
जळजळीचं कारण बहुधा चहा आणि आडवं होणं. गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथे जखम करते, आणि चहा-दुधासोबत ती अंगी लागतच नाही. पद्धत अशी: उठल्यावर अनशेपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर अख्खी गिळायची. पुढे निदान अर्धा तास बसून किंवा चालत राहायचं. खाणं, चहा, इतर गोळ्या काही नाही. पण आत्ता जळजळ आहे तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची गोळी देऊ नका. गिळताना दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा. गोळी सोसतच नसेल तर वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनेट देतात. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून.

मृण्मयी_प
कॅल्शियम किती? आणि ड जीवनसत्त्वाची साठ हजारांची गोळी रोज द्यायची का?

औषधवाली_ताई
रोज नाही! ६०,००० युनिटची गोळी बहुधा आठवड्याला एक, तीही ठरावीक आठवडेच. रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मळमळ, गुंगी, मूत्रपिंडाला इजा होते. कॅल्शियम जेवण धरून दिवसाला १००० ते १२०० मिग्रॅ. पेलाभर दुधात साधारण ३०० येतं, नाचणीची भाकरी, तीळ यांतूनही मिळतं; उरेल तेवढंच गोळीने, जेवणासोबत. पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ’ असेल तर त्यात कॅल्शियम ५०० मिग्रॅच असतं.

अस्थिमित्र
डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) झाली नसेल तर करून घ्या, कंबरेचे मणके आणि खुबा दोन्हींची. पुढची शक्यतो त्याच मशीनवर, नाहीतर आकडे ताडून पाहता येत नाहीत. दाढ काढायची असेल तर दंतवैद्यांना अ‍ॅलेंड्रोनेटबद्दल सांगा. पाठीत अचानक कळ आली किंवा उंची कमी वाटली तर मणक्याचा एक्स-रे काढा. स्टेरॉइडवर डेक्साचा आकडा बरा असूनही मणका दबतो.