जपानीची एन४ परीक्षा झाली, आता छोटी टार्गेट्स कशी ठेवायची?

दांडियाबाजारकर: डिसेंबरात एन३ (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची पुढची पातळी) द्यायचीय, नोकरी सांभाळून घरीच अभ्यास चालू आहे, पण रोज तीस कांजी (जपानीतली चिनी चित्राक्षरं) वगैरे ठरवलं की आठवड्यात सगळं बोंबलतं. तुम्ही लोक काय ठरवता?

मांजलपूरवाली: अहो कांजी मोजत बसू नका, काम ठरवा! या आठवड्यात एनएचके या जपानी चॅनेलच्या ईझी न्यूजमधली, म्हणजे सोप्या जपानीतली, एकच बातमी, आधी नुसती ऐकायची, मग वाचायची, मग फुरिगाना (कांजीवर छापलेला उच्चार) बंद करून परत वाचायची. अडलेल्या शब्दांपैकी पाचसहाच अंकी या फ्लॅशकार्डच्या अ‍ॅपमध्ये टाकायचे, बाकीचे सोडून द्या खुशाल.

सेन्सेईचा_भाचा: एन३ला 180 पैकी 95 लागतात, पण तिन्ही भागांत 60 पैकी 19 तरी हवेतच, नाहीतर टोटल कितीही येऊ दे, नापास. म्हणून एक मॉक द्या आणि जो भाग सगळ्यात कच्चा त्यालाच पहिला पंधरवडा. आपल्या लोकांना क्रियापद शेवटी वगैरे सोपं जातं, त्यामुळे व्याकरण येतं असं वाटतं आणि चोकाई, म्हणजे ऐकून समजणं, राहून जातं.

मांजलपूरवाली: आणि नवरात्रात फक्त रिव्हिजन हं, गरबा सोडून दोक्काई (उतारे वाचून समजणं) कोण करणारे बडोद्यात 😄