मदत हवी आहे: फुटबॉल गोलकीपर पेट्र चेकसारखं हेल्मेट कुठे मिळेल?

माझा बारा वर्षांचा भाचा गोलकीपर आहे. मागे समोरच्याचा गुडघा कानाच्या वर लागला. टाके निघाले, डॉक्टरांनी खेळायला परवानगीही दिली, पण पोरगं आता चेंडूवर झेपावताना डोळे मिटतं. जीव तुटतो हो बघून.

त्याला चेकची गोष्ट सांगितली. ऑक्टोबर २००६ मध्ये रेडिंगविरुद्ध पहिल्याच मिनिटाला कवटी फुटली, तरी जानेवारीत तो रग्बीचं मऊ हेल्मेट घालून त्याच्या चेल्सी क्लबच्या गोलमध्ये उभा! २०१२ ला म्युनिकला युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्न म्युनिकच्या रॉबेनची पेनल्टी त्यानं अडवली तीही हेल्मेट घालूनच. "मामा, मलाही तसंच हवं."

मुलांच्या मापाचं कुणी घेतलंय का? कानावरून नीट ऐकू येतं का? हनुवटीचा पट्टा काचतो का?