मदत हवी आहे: फिनिक्समध्ये एसी चालू असूनही भाड्याच्या घरात ८८ अंश, मालकावर बंधन किती?

मृगजळ:
नमस्कार मंडळी. आम्ही फिनिक्स शहरात (अ‍ॅरिझोना) अपार्टमेंटच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. सेंट्रल एसी दिवसभर धडधडतो, थर्मोस्टॅट ७८ वर आहे, तरी दुपारी चारनंतर हॉलमध्ये ८८ फॅरनहाइट (साधारण ३१ सेल्सिअस) आणि पश्चिमेच्या बेडरूममध्ये त्याहून जास्त. नागपूरहून आईबाबा आलेत. बाबांच्या बीपीच्या औषधात लघवी वाढवणारी गोळी आहे, म्हणून जास्त काळजी. ते म्हणतात, "यापेक्षा आपला वाळ्याचा कूलर बरा!"

मेंटेनन्सवाला फिल्टर बदलून गेला. मॅनेजरचं एकच पालुपद: "युनिट चालू आहे, बाहेर ११२ आहे, एवढंच होणार." लीजमध्ये एसी मालक देणार असं आहे, आकडा कुठेच नाही. कायद्यात आकडा आहे का? आणि दुरुस्ती होईपर्यंत भाडं थांबवलं तर चालतं का?

कॅक्टसवाला:
आकडा आहे, आणि तो लीजमध्ये असण्याची गरज नाही. फिनिक्स शहराच्या नियमांप्रमाणे भाड्याच्या घरातला एसी खोली ८२ अंशांपर्यंत किंवा त्याखाली आणू शकला पाहिजे. कूलर असेल तर ८६. (म्हणजे बाबांच्या कूलरला इथेही मान आहे, फक्त जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तो रुसतो.) "बाहेर ११२ आहे" ही सबब इथे चालत नाही. उन्हाळ्यात इथे तेवढं असतंच, २०२३ मध्ये सलग ३१ दिवस ११० किंवा वर होतं.

मोजायचं खोलीच्या मधोमध, जमिनीपासून तीन फुटांवर. थर्मोस्टॅटचा आकडा पुरावा म्हणून एकटा देऊ नका. स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर स्टुलावर ठेवून प्रत्येक खोलीचे तारीख-वेळेसकट फोटो काढा. पत्ता खरंच फिनिक्सच्या हद्दीत आहे ना, तेही बघा. टेंपी, मेसा, चँडलर ही वेगळी शहरं, त्यांचे नियम वेगळे.

वऱ्हाडी ठेचा:
भाडं थांबवा, दोन दिवसांत माणूस धावत येईल. पैशाचीच भाषा कळते यांना.

बिनपाण्याची विहीर:
ठेचाभाऊ, हा सल्ला इथे महागात पडेल. मृगजळताई, नुसतं भाडं थांबवू नका. अ‍ॅरिझोनात भाडं थकलं की मालक पाच दिवसांची नोटीस देऊन कोर्टात जाऊ शकतो, आणि घर खाली करायचा निकाल रेकॉर्डवर बसला की पुढचं घर मिळणं मुश्कील.

राज्याच्या भाडेकरू कायद्यात सरळ वाट आहे. कलम ३३-१३२४ प्रमाणे मालकाने पुरवलेला एसी नीट चालता ठेवणं त्याच्यावर बंधनकारक. तुम्ही लेखी नोटीस द्या: हातात देऊन पोच घ्या किंवा सर्टिफाइड मेलने पाठवा. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. आरोग्याला धोका असेल तर कलम ३३-१३६१ खाली दुरुस्तीला पाच दिवसांची मुदत देता येते, नाहीतर लीज संपवायचा हक्क मिळतो. थंडावा पुरवायलाच मालक चुकला तर ३३-१३६४ आहे: नोटीस दिल्यावर तुम्ही दुसरीकडे राहू शकता, त्या काळाचं भाडं माफ, आणि तिथला खर्च भाड्यापेक्षा जास्त आला तर वरची रक्कमही मिळते, पण भाड्याच्या २५ टक्क्यांपर्यंतच. हॉटेलच्या पावत्या जपा.

शहराच्या नेबरहुड सर्व्हिसेस विभागाकडे तक्रारही करा. त्यानंतर सहा महिन्यांत मालकाने भाडं वाढवलं किंवा बाहेर काढायला बघितलं, तर कोर्ट ते सूड म्हणूनच गृहीत धरून चालतं. उलटं सिद्ध करायचं काम त्याचं.

मृगजळ:
खूप आभार. पण मेंटेनन्सवाला लिहून देतोय की "एसी व्यवस्थित चालतो". त्याला काय उत्तर देऊ?

कॅक्टसवाला:
नियम एसी चालतो का हे विचारत नाही, खोली किती थंड होते हे विचारतो. तरी एक करा: हवा आत ओढणाऱ्या जाळीपाशी आणि थंड हवेच्या झरोक्यापाशी तापमान मोजा. साधारण १५ ते २० अंशांचा फरक हवा. दहाच्या आत असेल तर गॅस कमी किंवा कॉइल घाण. फरक बरोबर असून खोली तापत असेल, तर पोटमाळ्यातल्या डक्टमधून (थंड हवेच्या नळीतून) हवा गळतेय असा माझा अंदाज. वरच्या मजल्यांचं हे नेहमीचं दुखणं. हे आकडे नोटिशीत घाला.

डॅलसकर काकू:
आमच्याकडे टेक्सासमधल्या डॅलसला भाड्याच्या घरात तापमान ८५ च्या वर गेलेलं चालत नाही. बाई गं, कागद होईपर्यंत बाबांना त्या बेडरूममध्ये झोपवू नकोस. २०२३ मध्ये तुमच्या मॅरिकोपा काउंटीत (फिनिक्स ज्या जिल्ह्यात येतं तिथे) उष्णतेने ६४५ माणसं गेली, आणि घरात गेलेल्यांपैकी बहुतेकांकडे एसी होता, पण तो चालत नव्हता किंवा बंद होता. पोर्टेबल एसी आण, पावती ठेव. औषधाबद्दल डॉक्टरला आजच फोन कर.

मृगजळ:
पोर्टेबल मागवला. नोटिशीचा मसुदा रात्री इथे टाकते, विहीरदादा, एक नजर टाकाल का?